कॉन्स्वेग्रा म्हणजे विहीण

धाकट्या बहिणीचे लग्न 2020 च्या नोव्हेंबरात मेक्सिकोमधील ग्वादालाहारा शहराच्या नोंदणी कार्यालयात झाले. तिकडे दुपारचे बारा वाजले होते आणि रत्नागिरीत रात्रीचे साडेअकरा. साथीमुळे जाण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आई, बाबा, मी, माझे यजमान आणि आमचा मुलगा असे सगळे बैठकीच्या खोलीत लॅपटॉपसमोर दाटीने बसलो होतो. तिकडे सह्या होताच बाबा उभे राहिले आणि त्यांनी मुठीतल्या अक्षता पडद्याच्या दिशेने टाकल्या. दुसऱ्या दिवशी केर काढताना आईने ते तांदूळ वेचून तुळशीत घातले. पुढच्या एप्रिलात बाबा गेले.

मुलीने परदेशी मुलाशी लग्न केले याचे आईला कधीच वाईट वाटले नाही. विहिणीची भेट झाली नाही, हे मात्र तिला लागून राहिले होते. आमच्याकडे लग्नात विहिणींची पंगत वेगळी मांडतात, त्यांना साडी-खण देतात, आणि झालीच्या वेळी मुलीची आई जी रडते ती केवळ मुलगी चालली म्हणून रडत नाही. आजपासून हिच्यावर माझ्याइतकाच तुमचा हक्क आहे, हे ती समोरच्या बाईला तोंडाने नाही तरी डोळ्यांनी सांगत असते. ते सांगणे राहून गेले, असे आईचे म्हणणे होते. बहीण मध्यंतरी लेकीला घेऊन महिनाभर रत्नागिरीला राहून गेली, व्हिडिओ कॉलवर दोन्ही आज्या एकमेकींना हात हलवून हसत राहिल्या, पण हात हलवणे म्हणजे काही भेट नव्हे. म्हणून 2023 च्या डिसेंबरात आम्ही चौघे निघालो, ते खरे तर आईचे हे राहिलेले काम करण्यासाठी.

आमच्या तिघांच्या पारपत्रांवर अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागला नाही. आईचा तेवढा दिल्लीच्या दूतावासातून काढला. तिने विहिणीसाठी वांगी रंगाची इरकल साडी आणि खण घेतला, हळद-कुंकवाच्या पुड्या बांधल्या, आणि नारळाशी येऊन अडली. मेक्सिकोत उतरताना ताजी फळे आणि बियाणे आणू देत नाहीत, सामानाची तपासणी होते, हे मी तिला सांगितले, तेव्हा नारळाशिवाय ओटी कशी भरायची हा तिचा प्रश्न होता. बहिणीने फोनवरून सांगितले, की तिच्या सासूबाईंच्या परसात तीन माड आहेत. त्यावर आई गप्प झाली. ओटी अर्थातच मी भरायची होती. बाबा गेल्यापासून आई हळदीकुंकवाच्या वेळी स्वयंपाकघरातच थांबत असे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 साली विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी तिने चष्मा पुसून दोनदा वाचली होती, पण स्वतःच्या वागण्यात काहीच बदल केला नव्हता.

मुंबईहून फ्रँकफुर्ट, तिथून मेक्सिको सिटी आणि पुढे तासा-दीड तासाचे विमान करून आम्ही प्वेर्तो वायार्ताला उतरलो. हा विमानतळ हालिस्को राज्यात आहे. तिथून उत्तरेला निघाले, की आमेका नदीचा पूल लागतो आणि पूल ओलांडताच नायारित राज्य सुरू होते. बहिणीचे गाव बुसेरियास त्या पलीकडच्या अंगाला, बांदेरास उपसागराच्या काठावर आहे. मेहुण्यांनी गाडी चालवता चालवता सांगितले, की 2010 पर्यंत या पुलावर घड्याळ एक तास मागे करावे लागत असे. दोन राज्यांच्या वेळा वेगळ्या असल्यामुळे लोकांची विमाने चुकत, म्हणून अखेर उपसागराकाठच्या या तालुक्याने वायार्ताची वेळ घेतली. बुसेरियास या नावाचा संबंध पाणबुड्यांशी आहे. तळाशी बुडी मारून कालवे काढणाऱ्या लोकांचे हे गाव. आता किनाऱ्याच्या बाजूला अमेरिकेतून आणि कॅनडातून हिवाळ्यापुरते येणाऱ्यांची घरे आणि हॉटेले आहेत, गावातून जाणाऱ्या 200 क्रमांकाच्या महामार्गाच्या डोंगराकडच्या बाजूला मात्र जुन्या कुटुंबांची वस्ती आहे. बहिणीचे सासर त्या बाजूला आहे.

फाटक उघडेच होते. विहीणबाई अंगणात उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घातलेल्या, कपड्यांवर चौकड्यांचा खिसेवाला एप्रन बांधलेल्या. तिकडे त्याला मांदिल म्हणतात आणि घरातल्या मोठ्या बायका तो दिवसभर अंगावरून काढत नाहीत. त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि एकच शब्द उच्चारला, ‘कॉन्स्वेग्रा’. आईने बहिणीकडे पाहिले. बहीण म्हणाली, ‘‘आई, त्या तुला विहीणबाई म्हणाल्या.’’

या शब्दाचा आईवर झालेला परिणाम मी विसरू शकत नाही. इतकी वर्षे आम्ही हे नाते इंग्रजीतून सांगत आलो होतो आणि इंग्रजीत त्याला शब्दच नाही. मुलीच्या नवऱ्याची आई असे लांबून वळसा घालून सांगावे लागते, आणि ज्याला नाव नाही त्या नात्याचा मान तरी कसा राखणार, असे आईला वाटत असे. स्पॅनिशमध्ये सासू म्हणजे स्वेग्रा, आणि विहीण म्हणजे कॉन्स्वेग्रा, जणू सह-सासू. आमचे मेहुणे आणि माझे यजमान एकमेकांचे साडू, तर साडूला मेक्सिकोत कॉन्कुन्यो म्हणतात आणि जावेला कॉन्कुन्या. ‘सासू’ हा शब्द संस्कृत ‘श्वश्रू’पासून आला आणि ‘स्वेग्रा’ लॅटिन ‘सोक्रुस’पासून, आणि हे दोन्ही शब्द मुळात एकाच जुन्या शब्दाची लेकरे आहेत, हे माझ्या यजमानांनी जेवताना सांगितले. आईला व्युत्पत्तीचे फारसे अप्रूप वाटले नाही. तिला एवढेच पुरे होते, की समोरच्या बाईकडे तिच्यासाठी शब्द तयार होता आणि तो तिने पहिल्याच क्षणी वापरला.

पुढचे काही दिवस मी त्या घरातले बोलणे लक्ष देऊन ऐकत राहिले. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखेच तिथे ‘तू’ आणि ‘उस्तेद’ आहे, आणि दोघी विहिणी एकमेकींशी, आपापल्या भाषेत बोलत असूनही, शेवटपर्यंत ‘तुम्ही’ आणि ‘उस्तेद’वरच राहिल्या. मोठ्यांनी हाक मारली तर मुले ‘काय?’ असे म्हणत नाहीत, ‘मांदे’ म्हणतात, म्हणजे आज्ञा करा. स्वतःच्या घराचा पत्ता सांगतानाही ‘तुमचे घर अमुक ठिकाणी आहे’ असे म्हणण्याची रीत आहे. ते बहिणीलाही पहिल्यांदा ऐकताना कोड्यात टाकणारे वाटले होते, आणि मग आपल्याकडचे ‘घर तुमचंच आहे’ आठवून तिला घरच्यासारखे वाटू लागले, असे ती म्हणाली.

एका दुपारी बहिणीने भाचीचा जन्मदाखला आईपुढे ठेवला. मेक्सिकोत लग्नानंतर बाई आपले आडनाव बदलत नाही, आणि मुलाला दोन आडनावे मिळतात, सहसा पहिले वडिलांचे आणि दुसरे आईचे. आम्ही दोघीच बहिणी. मी लग्नानंतर सासरचे आडनाव लावले, त्यामुळे बाबांचे आडनाव त्यांच्याबरोबर संपले असे नातेवाईक हळहळून म्हणत, आणि बाबांनी त्यावर कधी काही म्हटले नाही तरी ते त्यांना ऐकू येत होते. त्या दाखल्यावर भाचीच्या नावाच्या शेवटी, स्पॅनिश वळणाच्या छापील अक्षरांत, ते आडनाव होते. आईने त्यावरून बोट फिरवले. मग तिने तो दाखला नीट घडी घालून परत दिला आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायला सांगितले, कारण समुद्राजवळ कागद लवकर दमट होतात.

दोघींचा खरा संवाद स्वयंपाकघरात झाला. विहीणबाईंचे माहेर मिचोआकान राज्यात, पात्स्क्वारो सरोवराजवळचे, आणि त्यांच्या आईने दिलेला काळ्या दगडाचा तीन पायांचा मेताते त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बरोबर घेऊन आल्या होत्या. मेताते म्हणजे पाटाच; फक्त तो वाटणाऱ्यापासून पुढे उतरता असतो आणि त्याचा वरवंटा दोन्ही बाजूंनी धरता येईल इतका लांब असतो. सणाच्या दिवसांत त्या मक्याचे विकतचे पीठ न वापरता मका घरी भिजवतात. मक्याचे दाणे चुना घातलेल्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी धुऊन वरची साले चोळून काढायची आणि मग वाटायचे. आईने वासावरूनच चुना ओळखला आणि ती चकित झाली, कारण तिच्या लेखी चुना म्हणजे विड्याच्या पानापुरता. पण या चुन्यावरच सगळे उभे आहे. त्यानेच पीठ चिकट होते आणि पोळी मोडत नाही, आणि त्यानेच मक्यातले एक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपीय लोकांनी मका नेला पण ही कृती नेली नाही, त्यामुळे केवळ मक्यावर जगणाऱ्या तिकडच्या गरिबांमध्ये पुढे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. आईने त्या ओल्या पिठाचा गोळा घेतला आणि भाकरीसारखा दोन्ही तळहातांवर थापला. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांची आई तसेच थापत असे. त्या स्वतः आता लोखंडी दाबयंत्र वापरतात.

मक्याचा विषय निघाला तसा माझ्या यजमानांनी आपल्या साडूंना पांडुरंग खानखोजे यांची हकिगत सांगितली. वर्ध्यात जन्मलेला, गदर चळवळीत उतरलेला हा क्रांतिकारक 1924 साली मेक्सिकोत आला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवू लागला, मक्याच्या जातींवर त्याने संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतल्या दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांची आकृती आहे. मेहुण्यांना हे ठाऊक नव्हते. आमच्यापैकीही कितीजणांना ठाऊक असते? मला तर वाटते, आपल्या शाळांतून या माणसाबद्दल एक धडा असायला हवा होता.

नाताळच्या आदल्या रात्रीसाठी विहीणबाईंनी माहेरच्या पद्धतीच्या कोरुंदा केल्या. मक्याच्या पिठाचे गोळे मक्याच्याच लांब हिरव्या पानात त्रिकोणी गुंडाळून त्या वाफवतात. आई त्यांना पहिल्यापासून पातोळ्याच म्हणाली, आणि दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द बसला.

मग फणस. नायारित हे मेक्सिकोतले फणसाचे मोठे राज्य आहे हे मला जाण्यापूर्वी माहीत नव्हते. महामार्गाच्या कडेला मांडलेल्या फळ्यांवर फणस रचून ठेवलेले दिसले आणि आईने गाडी थांबवायला लावली. तिथे त्याला याका म्हणतात आणि पिवळेधमक गरे प्लास्टिकच्या पेल्यात घालून विकतात. ऐन डिसेंबरात पिकलेला कापा फणस पाहून कोकणातल्या बाईला काय वाटेल ते कोकणातल्या माणसालाच कळेल. आईने अख्खा फणस घेतला, घरी येऊन हाताला तेल चोळून स्वतः फोडला, आणि विहीणबाई आठळ्या कचऱ्यात टाकायला निघाल्या तेव्हा तिने त्यांचा हात धरला. आठळ्या मीठ घालून उकडल्या. विहीणबाईंनी एक खाल्ली, मग दुसरी, आणि इतकी वर्षे आपण हे फेकत होतो या विचाराने त्यांनी कपाळावर हात मारला. गरे खाताना आई म्हणाली, की बाबांना फणस फार आवडे. बहिणीने ते स्पॅनिशमध्ये सांगितले आणि विहीणबाईंनी मान हलवली. त्यांनी ते लक्षात ठेवले आहे, हे तेव्हा आम्हाला समजले नाही.

पाहण्यासारखे बरेच पाहिले. दर वर्षी 8 डिसेंबर ते 23 मार्च हा या उपसागरात देवमासे दाखवण्याचा ठरलेला हंगाम असतो. थंड उत्तरेकडून आलेले हंपबॅक जातीचे देवमासे इथे पिल्ले घालतात. एका सकाळी शेजारच्या ला क्रूस गावातून बोटीने गेलो, तेव्हा एक मादी आणि तिचे पिल्लू आमच्यापासून काही अंतरावर बराच वेळ वर येत राहिले, आणि माझ्या मुलाने फोटो काढायचे थांबवून नुसते पाहिले. वायार्ताच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर तुबा विकणारे भेटले. माडाच्या रसाचे हे पेय तिथे सफरचंदाचे तुकडे आणि शेंगदाणे घालून देतात. मनिला ते अकापुल्को अशी जहाजे 1565 पासून 1815 पर्यंत ये-जा करत, त्यांतून फिलिपिन्सचे लोक माड आणि तो पाझरवण्याची विद्या घेऊन या किनाऱ्यावर आले. आईने एक घोट घेऊन सांगितले, की ही माडी नव्हे, नीरा आहे.

16 डिसेंबरपासून नऊ रात्री गल्लीत पोसादा होत. काही जण मेणबत्त्या घेऊन दाराबाहेर उभे राहतात आणि गाण्यातून आसरा मागतात, आतले लोक गाण्यातूनच नाकारतात, आणि शेवटी दार उघडून सगळ्यांना आत घेतात. मेरी आणि जोसेफ यांना बेथलेहेममध्ये जागा मिळाली नव्हती त्याची ही आठवण. पाहुणे म्हणून आम्ही साहजिकच बाहेरच्यांत उभे राहिलो, पण विहीणबाईंनी बाहेर येऊन आईला हाताला धरून आत नेले. आई आतल्यांत उभी राहिली. बाहेर तिच्या दोन्ही मुली, जावई आणि नातवंडे मेणबत्त्या धरून उभी होती, आणि शेवटच्या कडव्याला दाराची कडी विहीणबाईंनी तिला काढायला लावली. नंतर खाऊ भरून टांगलेली पिन्याता फोडताना शेंगा, संत्री आणि उसाची कांडी अंगणभर विखुरली, तेव्हा माझा मुलगा दहीहंडीच्या सवयीने हात वर करून धावला.

त्याच रात्री, सगळे पांगल्यावर, आई पाणी प्यायला उठली आणि मधल्या खोलीत थबकली. तिथे भिंतीत एक फळी आहे आणि तिच्यावर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो आहेत. विहीणबाईंचे यजमान, सासू-सासरे, आई-वडील. त्यांच्याच रांगेत, तसल्याच लाकडी चौकटीत, आमचे बाबा होते. लग्नाच्या दिवशीच्या व्हिडिओतून काढलेला, थोडा अंधुक फोटो होता तो. खांद्याशी लॅपटॉपची कड दिसत होती.

सकाळी बहिणीने सगळे सांगितले. नोव्हेंबरच्या 1 आणि 2 तारखेला मृतांचे दिवस असतात. पहिला दिवस लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. त्या वेळी या फोटोंसमोर झेंडूची फुले, मेणबत्त्या, मीठ आणि ज्याला जे आवडे ते खाणे ठेवतात, आणि लांबून आलेल्यांना तहान लागलेली असणार म्हणून पाण्याचा पेला ठेवतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. त्याच्या वाटेवरून मृत माणसे घर शोधत येतात असे मानतात. 2021 च्या नोव्हेंबरात विहीणबाईंनी बहिणीला विचारले होते, की तुझ्या वडिलांना काय आवडे, आणि बहीण रडत असल्यामुळे तिला एवढेच सांगता आले, की चहा. तेव्हापासून दर वर्षी बाबांसमोर चहाचा कप ठेवला जात होता. बहिणीने हे आईला कधी सांगितले नव्हते, कारण आपल्याकडचे श्राद्ध वेगळे, आईला कसे वाटेल ते तिला कळत नव्हते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला साडी, खण आणि हळद-कुंकू आणायला सांगितले. मी पदर खोचून पुढे झाले तर तिने मला मागे सारले आणि म्हणाली, ‘‘मी भरते.’’ परसातल्या माडाचा सुका नारळ मेहुण्यांनी सोलून शेंडी ठेवून दिला होता, तांदूळ गावातल्या दुकानातून आणले होते. विहीणबाईंनाही यजमान नव्हते आणि आईलाही नव्हते. रत्नागिरीच्या आमच्या आळीत या दोघींपैकी कोणीच ओटी भरली नसती आणि कोणाचीच भरली गेली नसती. आईने त्यांना कुंकू लावले. ओटी घ्यायला पदर नव्हता, पण झाडाच्या मिरच्या तोडून आणताना करतात तसे विहीणबाईंनी मांदिलचे दोन्ही टोक उचलून धरले, आणि आईने त्यात नारळ, खण आणि तांदळाच्या ओंजळी घातल्या. नंतर हळदीचे बोट उचलून विहीणबाईंनी आईच्याही कपाळाला टेकवले. कुंकू कुठले आणि हळद कुठली हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून त्यांनी दोन्ही लावले. आईने ते पुसले नाही.

आईने त्यांना एकच दुरुस्ती सांगितली, तीही निघायच्या दिवशी, विमानतळावर, बहिणीला मध्ये घेऊन. बाबांना मधुमेह होता आणि ते चहात साखर घेत नसत.

पुढच्या वर्षी 2 नोव्हेंबरला रत्नागिरीत सकाळ झाली तेव्हा आईच्या फोनवर बुसेरियासहून एक फोटो आलेला होता. बाबांच्या चौकटीभोवती झेंडूच्या फुलांची माळ होती, समोर पाण्याचा पेला, शेजारी कप, आणि कपाच्या बशीखाली स्पॅनिशमध्ये लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती, ‘साखरेविना’. दुसऱ्या बशीत फणसाचे पाच गरे होते आणि त्यांच्या बाजूला, नीट सोलून ठेवलेल्या, उकडलेल्या आठळ्या.